मैत्रिणीच्या निकाहातले फोटो

मागच्या हिवाळ्यात माझ्या मैत्रिणीचा निकाह झाला. तिचं वय त्रेचाळीस. पहिला नवरा २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेला, मुलगी आता दहावीत आहे. तारीख ठरल्यावर तिचा मला फोन आला आणि तिनं दोन गोष्टी सांगितल्या. एक, सकाळी लवकर ये, तयार करायला माझं असं कुणीतरी जवळ पाहिजे. दुसरी, फोटोग्राफर सांगितलेला नाही, तुझ्या फोनवर जमतील तेवढे फोटो काढ.

फोटोग्राफर का नाही, असं मी विचारलं. पैशाची अडचण नव्हती. ती म्हणाली, "भाईजान म्हणतात, दुसऱ्या निकाहात कसले फोटो?"

भाईजानना मी वीस वर्षं ओळखते. वाईट माणूस नाही. बहिणीसाठी स्थळ त्यांनीच पाहिलं, चार लोक काय बोलतील याची पर्वा न करता पुढाकारही त्यांनीच घेतला. पण त्यांच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मीही जेवायला होते. दोन कॅमेरे, एक ड्रोन, आणि बायकांच्या बाजूला भला मोठा पडदा, ज्यावर स्टेजवरचं सगळं थेट दिसत होतं. त्या दिवशी तस्वीर हराम की हलाल हा विषय कुणाच्या तोंडी आला नव्हता. या वेळी मात्र आला. घरातल्या एका बुजुर्गांनी तर मला दारातच सांगितलं, "टीचर, फोटो-बिटो जास्त नक्को. गुनाह है."

जुम्याच्या बयानात आपण किती वेळा ऐकतो की विधवेचा निकाह लावून देणं ही सुन्नत आहे. हजरत खदीजा विधवा होत्या. हजरत आयेशा सोडल्या तर पैगंबरांच्या सगळ्या पत्नींचं आधी लग्न झालेलं होतं. हे ऐकून आपण माना डोलावतो. मग आपल्याच घरात असा निकाह ठरला की तो असरनंतर, चाळीस माणसांत, दार लोटून उरकायला बघतो. अशा वेळी फोटो नको म्हणण्यामागे दीन किती आणि लाज किती, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. मला तरी त्या घरात लाजच जास्त दिसली.

जे वाचक मुसलमान नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमच्याकडे निकाहाच्या वेळी नवरा-नवरी शेजारी बसलेले नसतात. नवरा बाहेर पुरुषांत, काझीसाहेबांसमोर. नवरी आत बायकांत. मुलीचा वकील दोन साक्षीदारांना घेऊन आत येतो, नवऱ्याचं नाव आणि मेहरची रक्कम सांगतो आणि तिची संमती विचारतो. ती मिळाली की बाहेर खुतबा होतो, नवरा कबूल म्हणतो, दुआ होते, खारका वाटतात. म्हणजे लग्नाचं निम्मं काम आतल्या खोलीत होतं आणि फोटोग्राफर बहुतेक वेळा बाहेरच्या खोलीत असतो. अल्बममध्ये मग पुरुषांच्या गळाभेटी साठ आणि आतलं काय, तर सही करणारा एक मेंदीचा हात.

माझ्या मैत्रिणीच्या पहिल्या लग्नाचा असा अल्बम आहे. जाडजूड, पानापानावर मागे धबधबे आणि गुलाब चिकटवलेला. त्यात तिच्या अम्मीचा एकही फोटो नाही. अम्मी त्या दिवशी आतच होत्या. दालचा कमी पडतो का, कुणाच्या पोराला दूध पाहिजे, हे बघत. पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. आज त्यांचा घरात असलेला एकुलता एक फोटो आधार कार्डावरचा आहे आणि तो कसा असतो हे तुम्हाला माहीत आहे. "तू आतले फोटो काढ," असं मैत्रीण मला पुन्हा पुन्हा का सांगत होती, ते यावरून लक्षात यावं.

तर मी आतले फोटो काढले. विजापूर वेशीजवळचं जुनं घर, खोल्या लहान, उजेड एकाच खिडकीतून. ओढणीला पिना लावताना तोंडात पिन धरून हसणारी नवरी. पायात पेटके आल्यामुळे पलंगावर पाय पसरून बसलेल्या तिच्या फुप्पी. खारकांवर तुटून पडलेली पोरं. आणि एक असा, ज्याच्यासाठी बाकीचे सगळे गेले तरी मला चालेल.

वकीलसाहेब आत आले. त्यांनी विचारलं. कुमारिकेला विचारलं आणि ती लाजून गप्प राहिली, तर ते मौन संमती धरलं जातं, असं हदीसमध्ये आहे. पण जिचं आधी लग्न झालेलं आहे तिनं तोंडानं बोललं पाहिजे. माझी मैत्रीण मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "कबूल है" म्हणाली. मग सहीसाठी वही पुढे आली. तिची मुलगी शेजारी जमिनीवर बसली होती. तिनं पेनचं टोपण काढून आईच्या हातात पेन दिलं आणि ते टोपण दोन्ही मुठींत घट्ट धरून बसली. आई सही करते आहे आणि पोरगी टोपणाकडे बघते आहे. एवढाच फोटो. तो काढताना माझा हात हलला, त्यामुळे थोडा पुसट आला आहे.

हे असले फोटो भाड्याचा माणूस काढू शकत नाही, त्याच्या कसबात काही कमी असतं म्हणून नव्हे. त्याला आत येता येत नाही, आणि आला तरी बायका सावरून बसतात. मैत्रीण काढते तेव्हा कुणी सावरत नाही. इथपर्यंत मी माझी बाजू मांडते आहे. आता माझी चूक.

सकाळी नऊच्या सुमाराला मी नवरीच्या मेंदीच्या हातांचा फोटो काढला. खिडकीचा उजेड सरळ तळव्यांवर पडला होता, रंग छान चढला होता. तिच्या मागे कपाटाला आरसा होता. आरशात तिच्या भाभी दिसत होत्या. नुकत्या न्हाऊन आलेल्या, ओढणी खुंटीवर, केस मोकळे, हातात फणी. मी मेंदी बघत होते. आरसा मला दिसलाच नाही.

दुपारी जेवणाच्या आधी मी बावीस फोटो निवडले आणि आमच्या बी.एड.च्या ग्रुपवर टाकले. नवरी आणि मी सोडून तिथे सहाजणी, सगळ्या बायका, सगळ्या तिच्याच मैत्रिणी, ज्यांना येता आलं नव्हतं. सगळ्यांनी बदाम पाठवले, मुबारकबाद दिली. एकीला मेंदीचा फोटो फार आवडला, तिनं तो स्टेटसला ठेवला. तिथून तो आणखी कुणी घेतला. तिसऱ्या दिवशी तो भाभींच्या माहेरी त्यांच्या चुलतभावाच्या फोनवर पोहोचला होता, आणि त्यानं गंमत म्हणून भाभींच्या नवऱ्याला, म्हणजे भाईजानना पाठवला होता.

भाभी लग्न झाल्यापासून नकाब घेतात. परक्या पुरुषानं त्यांचे केस पाहिलेले नाहीत. त्यांनी मला फोन केला. भांडल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "बाजी, तुमे तो टीचर हैं. एक बार पूछना था ना मेरेकू."

मी काय बोलणार? माफी मागितली. फोन ठेवल्यावर तो फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी मला फक्त आरसाच दिसला.

इथे एक कबुली दिली पाहिजे. मी नकाब घेत नाही. डोक्यावर ओढणी असते, शाळेत कधी कधी तीही सरकलेली असते. ग्रुपवर टाकण्याआधी तो फोटो मी दोनदा तरी पाहिला असेल, पण खटकावं असं त्यात मला काही जाणवलं नाही. कारण मी तो माझ्या मापानं बघत होते. काही वाचक म्हणतील, केसच तर दिसले, त्यात एवढं काय. त्यांना मी विचारते, तुमच्या आईचा घरातल्या गाऊनमधला, पदर-बिदर काही नसलेला फोटो मी काढला आणि तुमच्या गल्लीत फिरवला तर? कुणी म्हणेल चालेल, कुणी म्हणेल मुळीच नाही. त्या आईला कुणी विचारेल का? किती दाखवायचं हे जिचं तिनं ठरवायचं असतं. भाभींनी ते कधीच ठरवून टाकलं होतं आणि अठरा वर्षं पाळलं होतं. मी ते एका बोटानं मोडलं, आणि वर त्यांच्याच घरात बसून दालचा-भात जेवले.

या प्रसंगानंतर मला बुखारी शरीफमधली एक हदीस आठवत राहिली. एक माणूस पैगंबरांच्या घराच्या दाराला असलेल्या भोकातून आत डोकावत होता. आत पैगंबर एका लोखंडी फणीनं डोकं खाजवत होते. त्यांना कळलं तेव्हा ते फार नाराज झाले. तू बघतो आहेस हे मला ठाऊक असतं तर हीच फणी तुझ्या डोळ्यात खुपसली असती, अशा अर्थाचं ते बोलले, आणि पुढे म्हणाले की आत येण्याआधी परवानगी मागायचा हुकूम या नजरेमुळेच तर दिला आहे. लहानपणी मदरशात ही हदीस ऐकली तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की डोकं विंचरण्यात लपवण्यासारखं काय असतं? आता वाटतं, त्यात खरोखर काहीच नसतं आणि तरीही ते घरातलं असतं.

सूरह नूरच्या सत्ताविसाव्या आयतीत परक्याच्या घरात परवानगी आणि सलाम केल्याशिवाय शिरू नका असं आहे. त्याच सूरहच्या अठ्ठावन्नाव्या आयतीत त्याहून बारीक गोष्ट आहे. घरातली मुलं आणि नोकरचाकर यांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळी विचारून आत यावं: फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून विसावतो तेव्हा, आणि इशानंतर. म्हणजे ज्यांचा घरात सदैव वावर आहे, ज्यांच्यापासून एरवी पडदा नाही, त्यांनाही सगळ्या वेळा मोकळ्या नाहीत. मी त्या घरात वीस वर्षं येते-जाते. भाभींना माझ्यापासून पडदा नव्हता. पण मी माझ्याबरोबर फोन नेला होता, आणि त्या फोनबरोबर ग्रुपवरच्या सहाजणी, त्यांचे नवरे, दीर, भाचे असे सगळेच आत आले होते. त्यांच्यासाठी मी परवानगी मागितली नव्हती.

आपल्याकडे फोटोवरचा वाद शंभरहून अधिक वर्षं चालू आहे आणि तो जवळजवळ सगळा जायज-नाजायजवरच अडकलेला आहे. चित्रं काढणाऱ्यांबद्दलच्या कडक हदीस आहेत, त्या कॅमेऱ्याला लागू होतात का, हा मूळ प्रश्न. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की फोटो काढणं म्हणजे नवी आकृती घडवणं नव्हे, असलेली सावली धरून ठेवणं आहे. आपल्याकडच्या अनेक उलेमांना ते पटलं नाही, आजही पटत नाही. दुसरीकडे मौलाना आझादांच्या १९१२ साली निघालेल्या 'अल-हिलाल'मध्ये छायाचित्रं छापली जात होती. मी शाळेत दोन्ही भाषा शिकवते, म्हणून मला यातल्या शब्दांची गंमत वाटते. 'तस्वीर' म्हणजे आकार देणं, घडवणं, आणि त्या शब्दातच आक्षेप बसलेला आहे. मराठीतलं 'छायाचित्र' मात्र नकळत मुफ्तीसाहेबांच्या बाजूनं बोलतं. आणि उर्दूतच आणखी एक शब्द आहे, 'अक्कासी', अक्स म्हणजे प्रतिबिंब यावरून आलेला. तो तर थेट आरशाकडे नेतो.

मी या वादाची थट्टा करत नाही. फोटो अजिबात नको असं मानणारी आणि तसं वागणारी माणसं मी पाहिली आहेत, पासपोर्टपुरता काढतात आणि थांबतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तक्रार आहे ती बाकीच्या आपल्या सगळ्यांबद्दल. चौकात ईदच्या शुभेच्छांचा फलक लागतो, त्यावर वीस-पंचवीस पुरुषांचे चेहरे असतात, त्यांतले निम्मे मशिदीच्या कमिटीवर असतात. तेव्हा कुणाला तस्वीर आठवत नाही. आठवते कधी, तर विधवेच्या निकाहात. आणि जिथे फोटो चालतो असं एकदा ठरलं, तिथे मग सगळंच चालतं. कुणाचाही काढा, कुठेही टाका. जायज की नाजायज याचं उत्तर मिळालं की पुढचं विचारायची गरज उरत नाही. मीही याच सवयीत वाढले आहे. नवरीनं फोटो काढायला सांगितलं होतं, म्हणून घरभर परवानगी आहे असं मी धरलं. भाभी मला नको म्हणाल्या नव्हत्या, तेही मी होकारात जमा केलं, आणि हे त्याच दिवशी, ज्या दिवशी मौनाला कधी होकार म्हणत नाहीत हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आता त्या दिवसाचा शेवटचा फोटो. दुआ झाली, खारका वाटून झाल्या, मग नवऱ्याला आत आणलं. आरसी-मुसहफची रसम आमच्याकडे आहे, कुणी तिला जलवा म्हणतात. दोघांमध्ये आरसा ठेवतात आणि नवरा-नवरी एकमेकांचा चेहरा पहिल्यांदा त्यात पाहतात. मैत्रीण नको म्हणत होती, या वयात काय आरसा. पण तिच्या खाला ऐकेनात, आरसा घेऊनच आल्या. मुलगी आईला बिलगून मध्ये बसलेली. मी फोन उचलला तसं नवऱ्याची बहीण माझ्या कानाशी म्हणाली, "बच्चीकू जरा बाजू करो बाजी, फोटो साफ आएगा." मी ऐकू न आल्यासारखं केलं. मुलगी मध्ये, दोन्ही बाजूंना ते दोघं, आणि आरशात कुणाचाच चेहरा नीट नाही, फक्त छताचा पंखा. लगेच जेवणाची पानं मांडली गेली आणि नवरा पुन्हा बाहेर गेला.

महिन्याभरानं दोघं विवाह नोंदणीला गेले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच धर्मांतल्या लग्नांची नोंदणी सक्तीची करायला सांगितल्यापासून आपल्याकडेही लोक आता ती करतात, करायलाच हवी. तिथे निकाहनामा, ओळखपत्रं, साक्षीदार आणि त्याबरोबर लग्नातला एक फोटो मागितला. दोघं एकत्र असलेला. भाईजानांचा मला फोन आला. आवाज जरा खाली होता. "बाजी, दोनों साथ में हैं ऐसा कोई फोटो है क्या?"

तसा तो एकच होता, आरशाचा. त्यातून मुलीला कापून काढता आलं असतं, स्टुडिओवाल्यानं तसं विचारलंही. मैत्रिणीनं नको सांगितलं. खिडकीतल्या माणसानं फोटो पाहिला, मधली मुलगी कोण म्हणून विचारलं, नवऱ्यानं सांगितलं, त्यानं मान हलवून शिक्का मारला. माझ्या मैत्रिणीनं हे मला सहज बोलता बोलता सांगितलं, त्यात तिला काही विशेष वाटलं नसावं.

पेनच्या टोपणाच्या फोटोची मी मोठी प्रत काढून दिली. ती तिच्या मुलीनं अभ्यासाच्या टेबलावर लावली आहे. टेबलासमोरची भिंत नव्या घराची आहे, त्यामुळे लावण्याआधी तिनं नव्या अब्बूंना विचारलं होतं म्हणे.

भाभींचा फोटो मी माझ्या फोनमधून काढून टाकला. मी पाठवलेला परत घेण्याची मुदत टळून गेली होती. मग मी त्या सहाजणींना एकेक करून संदेश पाठवला: काय झालं ते लिहिलं, माझी चूक आहे हे लिहिलं, आणि फोटो काढून टाकावा अशी विनंती केली. जिनं स्टेटसला ठेवला होता तिनं सगळ्यात आधी उत्तर दिलं, तिला फार वाईट वाटलं होतं. मी भाभींकडे स्वतः गेले. त्यांनी चहा केला, इकडचं तिकडचं बोललो. निघताना त्यांनी विचारलं, सगळ्यांनी काढला का? मी म्हटलं, पाचजणींनी काढला. सहावीनं माझा संदेश वाचल्याचं दिसतं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.